इथलं चित्र काढू द्या

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून निघणाऱ्या दैनिकांचे संपादक आणि मालक यांना खुले पत्र

सन्माननीय संपादक आणि मालक महोदय,
सप्रेम नमस्कार.

“आपल्याकडचं नको, जरा वरचं काढा.”

मी तुमच्या पेपरांसाठी व्यंगचित्रं काढतो. गेल्या पंधरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्या डेस्कचा नंबर फोनवर दिसला तरी ते आधीच कानात वाजतं. वरचं म्हणजे मुंबईचं, दिल्लीचं, नाहीतर थेट अमेरिकेचं. ट्रम्प काढला तर चालतो. पंतप्रधान जरा सांभाळून काढले तर चालतात. मुख्यमंत्र्यांचं ‘बघू’ असतं. पण साखर कारखान्याचा चेअरमन, बँकेचा संचालक, महापालिकेचा ठेकेदार, झेडपीचा कारभारी, यांच्यापैकी कुणी कागदावर उतरला की चित्र परत येतं. हे मी तुमच्याशी खासगीत बोलून झालंय. चहावर बोललो, लग्नाच्या पंगतीत बोललो, तुमच्यापैकी दोघांच्या तर घरी येऊन बोललो. सगळ्यांनी मान डोलावली आणि चित्रं परत येतच राहिली. म्हणून आता उघड लिहितोय.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली ते १९९८ साल. त्याच वर्षी माझं पहिलं व्यंगचित्र छापून आलं. एक वाकळ आणि ती तीन बाजूंनी ओढणारी तीन माणसं, एवढंच चित्र होतं. तेव्हाच्या संपादकांनी ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “कुपवाडचा माणूस बारीक का?” मी म्हटलं, त्याच्या अंगावर वाकळ सगळ्यांत कमी येणार आहे. ते म्हणाले, “मग त्याचे पाय अजून उघडे काढ की. भितोस कशाला? बाहेर कोण आलं तर मी बघतो.” मी परत बसून पाय काढले. दुसऱ्या दिवशी खरंच माणसं आली, आणि संपादकांनी खरंच बघितलं. आत बोलावून चहा पाजला, तासभर ऐकून घेतलं, ‘तुमचं म्हणणं लिहून द्या, उद्या छापतो’ म्हणाले. मला त्यांनी त्यातलं काही सांगितलं नाही. मला कळलं ते महिन्याभराने, शिपायाकडून.

ते गेले. त्यांच्या खुर्चीवर नंतर बरेच जण आले. वाईट माणूस त्यात एकही नव्हता, हे आधीच सांगतो. पण ‘पाय अजून उघडे काढ’ असं मला पुन्हा कुणी म्हणालं नाही.

वरचं आणि इथलं यांत कामाचा काय फरक आहे तो आधी सांगतो, कारण तो डेस्कवरही बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. दिल्लीच्या नेत्याचा चेहरा माझ्या आधी दोनशे जणांनी काढलेला असतो. नाक कुठे ओढायचं, केस कुठे उडवायचे हे सगळं ठरून गेलेलं असतं. मी घरात बसून, चार फोटो समोर ठेवून तो काढू शकतो. आणि चुकलं तरी तो नेता काही सांगलीच्या स्टेशन चौकात येऊन उभा राहत नाही. आमच्या तालुक्यातल्या पुढाऱ्याचं अर्कचित्र मात्र माझ्या आधी कुणी काढलेलं नसतं. पेपरात त्याचे जे फोटो येतात ते सगळे एकाच तऱ्हेचे, हात जोडलेले नाहीतर फीत कापतानाचे. त्यातून माणूस सापडत नाही. त्याच्यासाठी मला हिंडावं लागतं. मी लग्नात जातो, रास्ता रोकोला जातो, मयतीला आलेला पुढारी चप्पल काढून कुणाशेजारी बसतो ते बघतो. आणि सगळ्यांत जास्त जातो ते कारखान्यांच्या वार्षिक सभांना.

सप्टेंबर संपायच्या आत या सभा घ्याव्या लागतात. मांडव घातलेला असतो, खुर्च्यांवर अहवाल ठेवलेले असतात. मी साधारण नवव्या-दहाव्या रांगेत सभासदांमध्ये बसतो आणि त्याच अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिल चालवतो. विषय वाचला जातो, पुढच्या चार रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ येतं, पुढचा विषय. अशाच एका सभेत मागून एक म्हातारा सभासद उठला. तीन वेळा हात वर केल्यावर त्याच्याकडे माइक आला. त्याने विचारलं, “गेल्या गळिताचं बिल कधी?” चेअरमननी चष्मा काढला, उपरण्याचं टोक घेतलं आणि काचा पुसायला लागले. एक काच, मग दुसरी काच, मग पुन्हा पहिली. तेवढ्यात माइकवाल्याने माइक पुढे नेला होता. चेअरमननी चष्मा परत घातला तेव्हा सभा पुढच्या विषयावर गेली होती.

तो माणूस मला त्या दिवशी सापडला. नाक, कान, टक्कल यांची गरजच उरली नाही. उपरण्याने चष्मा पुसणारा हात काढला की झालं. माझी एक जुनी परीक्षा आहे. चित्र पूर्ण व्हायच्या आधी मी ते आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दाखवतो, आणि नाव विचारत नाही, नुसतं दाखवतो. त्याने ते चित्र बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, “हे छापणार?”

ते छापलं. कसं आणि पुढे काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण या पत्राचं मूळ तिथेच आहे. कारखान्याचं, पेपरचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि मला कुणा एकाला गाठायचंही नाही.

ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे, नाहीतर वर पंधरा टक्के व्याज द्यायचं, हा कायदा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तो स्पष्ट लिहिलेला आहे. त्या वर्षी आमच्या भागात चौदा दिवसांचे महिने झाले होते. आणि त्याच महिन्यांत चेअरमन साहेबांच्या वाढदिवसाला साखरतुला ठरली. मी एक मोठा तराजू काढला. एका पारड्यात चेअरमन, डोळे खाली, उपरण्याने चष्मा पुसत. दुसऱ्या पारड्यात साखरेची पोती. प्रत्येक पोत्यावर टाचणीने एक चिठ्ठी टोचलेली, ऊस घातल्याची पावती, आणि तिच्यावर ‘बाकी’. खाली पाच-सहा माणसं मान वर करून काट्याकडे बघत उभी. बोलणं एकाच्याही तोंडी नाही. चित्राला ओळ दिलीच नाही.

तराजूची साखळी मी तीनदा काढली. ब्रशने काढली की ती दोरीसारखी दिसायची, म्हणून शेवटी टाक घेतला आणि एकेक कडी वेगळी केली. पोती दोन नंबरच्या ब्रशने, जरा भरडी. माणसं सगळ्यांत शेवटी, पाठमोरी. पाठमोऱ्या माणसाची मान वर असली की तो बघतोय की वाट बघतोय हे त्याच्या खांद्यांवरून ठरतं. ते खांदे जमायला रात्रीचे दहा वाजले. स्कॅन करून पाठवलं तेव्हा पान जवळजवळ लागलं होतं. रात्रपाळीच्या उपसंपादकाने ते बघितलं, कुणाला विचारायला वेळ नव्हता, त्याने सोडलं.

सकाळी नऊला फोन सुरू झाले. अकराला पंचवीसेक कार्यकर्ते कार्यालयात. दुपारी जाहिरात विभागाला निरोप आला की वाढदिवसाची पुरवणी रद्द. मी घरी होतो. मला कुणी बोलावलं नाही, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला तर त्याच पानावर, त्याच चौकटीत, चित्राच्या जागी दोन ओळी होत्या. काल प्रसिद्ध झालेल्या व्यंगचित्रामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.

साधारण आठवड्याने खानापूर तालुक्यातला एक शेतकरी माझा पत्ता शोधत गावभागात आला. त्याने दोन्ही अंकांची कात्रणं जपून आणली होती. चित्राचं एक आणि दिलगिरीचं एक. दोन्ही त्याने त्याच्या ऊसपावतीच्या घडीत ठेवली होती. बसला, पाणी प्यायला आणि विचारलं, “दिलगिरी कशाची म्हणायची ही? बिल तर अजून आलं नाही.”

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न मी आज तुमच्यापुढे ठेवतोय, कारण तो माझ्यासाठी नव्हताच. त्या चौकटीत चूक कुणाची छापली गेली? चित्रात एक अक्षर खोटं नव्हतं. बाकी होती ती सगळ्या तालुक्याला माहीत होती. ज्याच्या भावना दुखावल्या त्याचं नाव दिलगिरीत नव्हतं, आणि ज्याचं बिल थकलं होतं त्याला कुणी ‘दिलगीर आहोत’ म्हटलं नाही.

माझं नाव असलेल्या चौकटीत माझ्या तोंडून ती क्षमा मागितली गेली. मी ती मागितली नव्हती. चित्र नाकारण्याचा हक्क तुमचा आहे, तो मी कधी अमान्य केला नाही. पण छापल्यावर, मला न विचारता, माझ्या चित्राची माफी मागण्याचा हक्क तुम्हाला कुठून मिळाला, हे मला आजही समजलेलं नाही.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. चार-पाच रुपयांना विकल्या जाणाऱ्या अंकाचा कागदाचाही खर्च भरून येत नाही. विक्रेत्याचं कमिशन जातं, गाडीचं भाडं जातं. राहतात त्या जाहिराती, आणि जिल्ह्यात जाहिरात देणारे मोजकेच. कारखाना, बँक, पतसंस्था, शिक्षणसंस्था, बिल्डर. या पाचांमागे बहुतेक वेळा एकच घर असतं. मोठ्या शहरातल्या पेपराला एक जाहिरातदार रुसला तर दुसरा असतो, इथे दुसरा पहिल्याचा मेहुणा निघतो. हे सगळं मी जवळून बघितलंय. फक्त त्याच्यापुढे एक पाऊल जाऊन बघा. इथल्या बातम्याही हळूहळू त्याच कारणाने सौम्य झाल्या. मग वाचक म्हणायला लागला की पेपरात काय असतं, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच कळलं. खप उतरला की जाहिरातदार आणखी डोक्यावर बसतो. हा फास सैल करायचा तर वाचकाने सकाळी आधी उघडून बघावं असं काहीतरी अंकात लागेल, आणि ट्रम्पचं चित्र त्यासाठी कुणी उघडत नाही. तसली चित्रं त्याला मोबाइलवर शंभर मिळतात. उपरण्याने चष्मा पुसणारा चेअरमन त्याला कुठे मिळणार?

हल्ली तुमच्यापैकी काही जण एआयकडून चित्रं करून घेताहेत. पैसे लागत नाहीत, मिनिटात होतं, हे खरं आहे. त्या चित्रांतले पुढारी नीट बघा. सगळ्यांना टोपी आहे, सगळे जाड आहेत, सगळे एकाच माणसासारखे दिसतात. त्याच्यावर कुणी भडकत नाही, कारण त्यात कुणी नसतंच. ते यंत्र नवव्या रांगेत बसलेलं नाही.

माझ्या पोटापाण्याचंही एकदा स्पष्ट लिहितो. एका चित्राचे मला दोनशे रुपये मिळतात. २००९ मध्येही दोनशेच मिळायचे. महिन्यात आठ-दहा लागली तर लागली, बाकीची फाइलमध्ये जातात, न छापलेल्याचे पैसे नसतात. या धंद्यावर पूर्वीही फार थोड्यांचं घर चाललं. कोल्हापूरचे वसंत सरवटे एवढे थोर व्यंगचित्रकार, त्यांनीही आयुष्यभर सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केली. मी दिवसा विश्रामबागेत फ्लेक्सचं डिझाइन करतो. म्हणजे ज्यांची चित्रं तुम्ही छापत नाही त्यांचेच वाढदिवसाचे फलक मी करतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसतो, मान जरा बारीक करतो, मागे उगवता सूर्य लावतो.

आमच्या जिल्ह्याचं राजकारण मला पेपरापेक्षा त्या दुकानात जास्त कळलं. वर गोलात कुणाचा फोटो, तो केवढा, कुणाच्या डाव्या हाताला कोण, यावर रात्री बारापर्यंत फोन चालतात. जून २०२२ मध्ये आणि मग जुलै २०२३ मध्ये पक्ष फुटले तेव्हा आम्ही रात्ररात्र दुकान उघडं ठेवलं होतं. संध्याकाळी छापायला दिलेला फ्लेक्स अकरा वाजता थांबवायचा, एक गोल काढायचा, दुसरा बसवायचा, पहाटे पुन्हा पहिला बसवायचा. एका कार्यकर्त्याने मला सांगितलं, दोन्ही तयार ठेवा, सकाळी सांगतो. तो पोरगा चोवीस-पंचवीस वर्षांचा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेब कुठे जाणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी ते चित्र काढलं. दोन फ्लेक्स आणि मधे जमिनीवर गुडघ्यात मान घालून बसलेला पोरगा. तेही परत आलं. ‘दोन्हीकडचे दुखावतील’ असं कारण होतं.

फाइलमध्ये अशी बरीच आहेत. महापालिकेची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आला. झेडपीत तर मार्च २०२२ पासून प्रशासक बसला. लोकांनी निवडलेल्या माणसाची खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहिली. मी त्या खुर्चीवर एक कोळी बसवला आणि दर महिन्याला त्याचं जाळं वाढवत गेलो. मालिका होती. पहिलं छापलं, दुसरं छापलं, तिसऱ्याला सांगितलं, आता खुर्ची नको. जत, आटपाडीच्या पाण्याची आहेत, म्हैसाळ पाणी योजनेच्या आवर्तनाची आहेत. आयर्विन पुलाखाली सोडलेल्या सांडपाण्याचं एक आहे.

आणि जी छापली होती त्यांतलीही बरीचशी आता उरली नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. सांगलीत लहान मूलही सांगेल, चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका. आमच्या घरात माळ्याच्या खाली वीतभर सोडून सगळं पाणी. मूळ चित्रांच्या दोन ट्रंका खालच्या खोलीत होत्या. दहा-बारा दिवसांनी चिखल उपसून त्या उघडल्या. रंगीत चित्रं सगळी गेली, एकाचा रंग दुसऱ्यावर उतरून नुसता मातकट लगदा. पण ड्रॉइंग इंकची रेघ पाण्याने जात नाही. कागद हाताला लागत नव्हता, बोटांत विरत होता, आणि त्याच्यावर काळी रेघ मात्र जशीच्या तशी होती. मी त्या दिवशी तो लगदा हातात धरून त्याच्यावरचे चेहरे ओळखत बसलो होतो. मग त्यातली काही चित्रं छापील अंकांतून परत मिळतील म्हणून तुमच्या कार्यालयांत हिंडलो. एका ठिकाणी जुने अंक तळघरात होते, तेही पाण्यात गेले. दुसऱ्या ठिकाणी जिल्हा पानांच्या फायली ठेवायचं बंद करून बरीच वर्षं झाली होती. मुख्य आवृत्ती जपतो म्हणाले. म्हणजे वरचं शिल्लक आहे. इथलं ना माझ्याकडे, ना तुमच्याकडे.

कायद्याची भीती तुम्ही दाखवता, म्हणून त्यावरही लिहितो. असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रांसाठी राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पण त्याच प्रकरणात मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवरची टीका, कितीही कडक असली तरी, राजद्रोह होत नाही. सरकारबद्दल एवढं आहे, तर साखर कारखान्याच्या चेअरमनबद्दल किती असेल याचा विचार करा. बदनामीचा दावा होऊ शकतो, हे मान्य. तो होऊ नये म्हणून मी पावत्या बघितल्याशिवाय चित्रात ‘बाकी’ लिहीत नाही. तुम्ही कधी विचारलंत तर त्या दाखवल्या असत्या. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत तुमचं नाव असतं, निवडीची जबाबदारी कायद्यानुसार संपादकाची असं लिहिलेलं असतं. त्याच्याच आसपास ‘प्रसिद्ध मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हेही असतं. मला तुमची सहमती नकोय. ती पहिली ओळ तेवढी पाळा.

१९८७ मध्ये तामिळनाडूत ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदार-मंत्र्यांवरचं एक व्यंगचित्र आलं. विधानसभेने संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना माफी मागायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. तीन महिन्यांची शिक्षा झाली, ते तुरुंगात गेले. देशभर असा गदारोळ झाला की काही दिवसांतच त्यांना सोडावं लागलं. चित्र त्यांनी काढलेलं नव्हतं, ते संपादक होते. मी तुमच्याकडे तुरुंगात जायचं मागत नाही. पंचवीस कार्यकर्त्यांना चहा पाजून तासभर ऐकून घ्या, एवढंच मागतो. माझ्या पहिल्या संपादकांनी तेवढंच केलं होतं आणि पेपर बंद पडला नाही.

आणि हे आपल्या मातीला नवीन आहे असं कुणी मला सांगू नये. कवलापूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या काळू-बाळूंचा तमाशा मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलाय. पुढारी पहिल्या रांगेत बसलेले असायचे आणि वगात त्यांच्याच कारभाराची रेवडी उडायची. उठून कुणी जात नसे. उठला असता तर अख्ख्या जत्रेने बघितलं असतं. मार्मिकचा पहिला अंक निघाला १३ ऑगस्ट १९६० ला. व्यंगचित्रांचं साप्ताहिक, चालवणारे बाळ ठाकरे, आणि त्याच्या प्रकाशनाला आले होते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आपल्या देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडात वाढलेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ठाकरे घराणं कुठे होतं आणि यशवंतराव कुठे होते हे तुम्हाला माहीत आहे. उद्या हाच कुंचला आपल्यावर चालणार हे न कळण्याइतके यशवंतराव भाबडे नव्हते. तरी गेले. त्यांच्या समाधीला दरवर्षी फुलं वाहायला जे जातात, त्यांचेच निरोप तुमच्याकडे येतात आणि माझं चित्र परत येतं.

मीही चुकलोय, ते न लिहिता पुढे जाणं बरोबर नाही. एकदा एका पुढाऱ्याच्या लंगडण्यावर चित्र काढलं. त्याला आजार होता, मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं. त्याच्या बायकोने फोन केला. ती चिडली नाही, नुसतं म्हणाली, “तुम्हाला दुसरं काही दिसलं नाही का त्यांच्यात?” मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली, माझ्या तोंडाने. तेव्हापासून शरीरावर, जातीवर, घरातल्या बायकामुलांवर, कुणाच्या दुःखावर मी रेघ ओढत नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली तेव्हा मला काही काढायला सांगितलं होतं. मी नाही काढलं. नंतर बोटी वेळेवर का नव्हत्या यावर काढलं, ते छापलं नाही.

आता मागणं. जिल्हा पानावर आठवड्यातून तीन दिवस एक ठरलेली चौकट द्या, आणि तिथे जिल्ह्याबाहेरचं काही छापायचंच नाही असा नियम करा. मलाच द्या असं नाही. मिरजेत, कराडात, विट्यात चांगली रेघ असलेली पोरं आहेत, ती आज इन्स्टाग्रामवर सिनेमाचे चेहरे काढताहेत कारण दुसरीकडे जागा नाही. चित्र नको असेल तर का नको ते दोन ओळींत लिहून पाठवा. फोनवर ‘वरचं काढा’ नको. मागवून न छापलेल्याचेही पैसे द्या, आणि दर पंधरा वर्षांपूर्वीचा ठेवू नका. तक्रार आली तर चित्रकाराला समोर बसवा. चूक असेल तर तो स्वतः सांगेल, त्याच्या सहीने छापा. चूक नसेल तर ती चौकट दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चित्राला द्या, दिलगिरीला नको. जिल्हा पानांचे अंक माळ्यावर ठेवा, तळघरात नको. या नदीच्या गावात एवढं तरी आपण शिकायला हवं होतं.

माझं वय आता पन्नाशीच्या पुढे आहे. ब्रश धरला की अजून हात थरथरत नाही, पण रात्री दहानंतर साखळीच्या कड्या काढताना डोळे दमतात. या कामाला मी लाज वाटेल असं काही केलेलं नाही, आणि हे काम इथे माझ्याबरोबर संपावं असं मला वाटत नाही. तो खानापूरचा शेतकरी अजून फोन करतो. त्याचं बिल शेवटी आलं, व्याज आलं नाही. दर वेळी विचारतो, “नवीन काय काढलं?” मी सांगतो. मग विचारतो, “कुठं बघायला मिळल?”

सप्टेंबरात सभा आहेत. मी नेहमीप्रमाणे नवव्या-दहाव्या रांगेत बसणार आहे, पेन्सिल घेऊन. त्या आठवड्यात जिल्हा पानावर दोन कॉलम, दहा सेंटिमीटर एवढी जागा मोकळी ठेवा. चित्र रात्री नऊच्या आत पाठवतो.

आपला,
एक व्यंगचित्रकार
गावभाग, सांगली